रॉलीत ‘दोन महिने भाडं माफ’: जानेवारीत येणाऱ्यांसाठी

तुमचे प्रश्न थोडक्यात असे: जानेवारीत पुण्याहून नॉर्थ कॅरोलायनातल्या रॉलीला यायचंय, नोकरी रिसर्च ट्रँगल पार्क (आरटीपी) या कंपन्यांच्या वसाहतीत, मुलगी दुसरीत, पहिला महिना कंपनी राहायची सोय करणार. जाहिरातींत जिथे तिथे ‘दोन महिने भाडं माफ’ दिसतंय, यात काही गोम आहे का? भाडी उतरताहेत तर अजून थांबावं का? आणि जो तो रॉलीशेजारची कॅरी-मॉरिसव्हिल ही गावं का सांगतो? मी इथे बरीच वर्षं भाड्याने राहिलोय आणि आता मॉरिसव्हिलमधलं एक टाउनहाउस (आपल्याकडचं रो-हाउस) भाड्याने देतो, म्हणजे टेबलाच्या दोन्ही बाजूंना बसून झालंय.

सवलत खरी आहे, गोम पुढच्या वर्षीच्या भाड्यात आहे. त्यासाठी आधी ही सवलत आली कुठून ते बघू.

२०२१ मध्ये व्याजदर शून्याच्या आसपास होते, घरून काम करणारी मंडळी महागड्या शहरांतून इकडे येत होती, आणि त्याच एप्रिलमध्ये अ‍ॅपलने इथे नवा कॅम्पस आणि ३,००० नोकऱ्या जाहीर केल्या. भाडी एका वर्षात दोन आकडी टक्क्यांनी चढली. बिल्डरांना स्वस्त कर्ज मिळत होतं, त्यांनी जागा दिसेल तिथे चार-पाच मजली कॉम्प्लेक्स काढली. पण असं कॉम्प्लेक्स परवानगीपासून चाव्या देईपर्यंत दोन-तीन वर्षं खातं. तेजीत पाया घातलेल्या इमारती २०२३ ते २०२५ मध्ये एकदम बाजारात आल्या, आणि तोवर वारं फिरलं होतं. अ‍ॅपलनेही २०२४ मध्ये कॅम्पसचं काम चार वर्षांपर्यंत पुढे ढकलून घेतलं. माणसं अजूनही येतातच, पण घरं त्याहून वेगाने आली. ऑस्टिन, नॅशव्हिल, शार्लट इथेही साधारण हीच कथा.

मग सरळ भाडंच का कमी करत नाहीत? कारण इमारतीची किंमत आणि तिच्यावरचं कर्ज कागदावरच्या भाड्यावर ठरतं. कागदावर १,८०० डॉलर दिसले पाहिजेत, मग वर दोन महिने सोडले तरी चालतात. मालकाला तो आकडा जपायचा असतो आणि आपण नेमका तोच आकडा विसरून जातो.

हिशोब मांडून बघा. समजा दोन बेडरूमचं भाडं १,८०० आणि १४ महिन्यांच्या लीजवर दोन महिने माफ. तुम्ही भरणार १२ महिन्यांचं, राहणार १४ महिने, म्हणजे दरमहा पडलं साधारण १,५४३. छान. लीज संपताना नूतनीकरणाचं पत्र येतं: ‘फक्त ४ टक्के वाढ’. पण ती १,८०० वर, म्हणजे १,८७२. तुमच्या खिशाला ती २१ टक्क्यांची वाढ आहे! घासाघीस करायची ती इथे. लीजिंग ऑफिसातल्या ताईंना पहिल्या भेटीतच विचारा, की माफीचे महिने काढून टाका आणि तेवढं दर महिन्याचं भाडं उतरवून लीजवर लिहा. बहुतेक जण नाही म्हणतील, काही हो म्हणतात. जे हो म्हणतील तिथे दरमहा सरासरीने थोडं जास्त पडलं तरी मी तेच घर घेईन.

दुसरं म्हणजे जाहिरातीतल्या भाड्याखाली जे लपलेलं असतं ते. पूर्ण कोटेशन लेखी मागा. त्यात दाराशी ठेवलेला कचरा उचलायचे पैसे (नको म्हटलं तरी सक्तीचे), कीटकनाशक फवारणी, इमारतीचं ठरलेलं इंटरनेट, पार्किंग, आणि पाण्याचं बिल, जे पुष्कळ ठिकाणी मीटरवर नसून माणसं मोजून किंवा घराच्या चौरस फुटांवर वाटतात. सगळं धरून महिन्याला शंभर-दीडशे डॉलर सहज निघतात. अर्जाची फी आणि अ‍ॅडमिन फी वेगळी. अ‍ॅडमिन फी विचारलं तर बऱ्याचदा सोडतात, अर्जाची क्वचितच. विजेचं तुमचं तुम्ही बघायचं, आणि ऑगस्टमधलं ड्यूक एनर्जीचं बिल बघून पुण्याचा उन्हाळा बरा वाटेल.

या किमती ऑफिसातली माणसं ठरवत नाहीत, बहुतेक मोठ्या कॉम्प्लेक्समध्ये सॉफ्टवेअर ठरवतं. म्हणून आज फोनवर सांगितलेला दर परवा वेगळा असतो. ऑगस्ट २०२४ मध्ये केंद्राच्या न्याय खात्याने अशा सॉफ्टवेअरची मोठी कंपनी रिअलपेज हिच्यावर खटला भरला तो इथल्याच, म्हणजे नॉर्थ कॅरोलायनाच्या फेडरल कोर्टात, आणि राज्यही त्यात फिर्यादी होतं. आरोप असा, की एकमेकांशी स्पर्धा करणाऱ्या मालकांची आतली माहिती एकत्र करून भाडी चढी ठेवली. आपल्या कामाचा भाग एवढाच, की दर पटला तर त्याच दिवशी लेखी घ्या.

आणि नूतनीकरणाच्या वेळी सरकार मदतीला येईल ही आशा ठेवू नका. इथे भाडेनियंत्रणाला राज्याच्या कायद्यानेच १९८७ पासून मनाई आहे, शहराने ठरवलं तरी ते वाढीवर मर्यादा घालू शकत नाही. तुमचं एकच हत्यार, ते म्हणजे शेजारच्या कॉम्प्लेक्सचं त्याच आठवड्यातलं कोटेशन. ते ईमेलला जोडून पाठवलं की सूर बदलतो.

थांबावं का? माझं मत, नाही. व्याजदर मार्च २०२२ ते जुलै २०२३ मध्ये शून्याजवळून सव्वापाच-साडेपाच टक्क्यांवर गेले आणि नव्या इमारतींची पायाभरणी मंदावली. म्हणजे आत्ता जी रिकामी घरं आहेत ती भरली की मागून येणारी रांग छोटी आहे. शिवाय गृहकर्ज २०२१ मध्ये तीन टक्क्यांच्याही खाली होतं, ते ऑक्टोबर २०२३ मध्ये आठच्या जवळ गेलं. एरवी घर घेऊन बाहेर पडली असती अशी कितीतरी कुटुंबं त्यामुळे भाड्यातच थांबली. ही सवलत कायमची नाही. आणि तुम्ही तर जानेवारीत येताय, इथला सगळ्यात थंड हंगाम, हवेनेही आणि बाजारानेही. मे ते ऑगस्टमध्ये जी मिजास असते ती तेव्हा नसते.

लीज किती महिन्यांची, यावर फार कुणी विचार करत नाही. ऑफिस तुम्हाला १७-१८ महिन्यांची देऊ करेल, कारण त्यांना ती उन्हाळ्यात संपायला हवी असते. तुम्ही १२ ते १४ चीच घ्या. पुढच्या वाटाघाटीसुद्धा थंडीत पडतील. लीज संपल्यावर नवी न करता तसंच राहू म्हणाल, तर कायद्याने महिन्या-महिन्याच्या भाडेकरूला नोटीस फक्त ७ दिवसांची आहे, करारात वेगळं लिहिलं नसेल तर.

आता जागा. सवलती जास्त कुठे, तर जिथे नवं बांधकाम दाटीने झालं तिथे: डाउनटाउन, पीस स्ट्रीटचा भाग, नॉर्थ हिल्स. लग्न न झालेल्यांना किंवा दोघांनाच राहायचं असेल तर मी डोळे झाकून तिकडे पाठवीन. मुलगी बरोबर असेल तर कॅरी-मॉरिसव्हिलचं पारडं जड होतं, आणि कारण फक्त भारतीय किराणा, देवळं किंवा चर्च स्ट्रीट पार्कवरचं क्रिकेट नाही (२०२३ मध्ये मेजर लीग क्रिकेटचे सामने तिथे झाले, ते सोडा). आरटीपी शेजारी पडतं, आणि सकाळी आय-४० वर अडकणं वाचतं. शिवाय इथे टाउनहाउस देणारे माझ्यासारखे फुटकळ मालक भरपूर आहेत. आम्ही महिने माफ करत नाही. पण एक महिना घर रिकामं राहिलं तर वर्षाच्या वाढीपेक्षा जास्त जातं हे आम्हाला पक्कं कळतं, त्यामुळे वेळेवर भाडं देणारं कुटुंब असेल तर बरेच जण भाडं वाढवतच नाहीत. माझ्या शेजारच्या कॉम्प्लेक्सने सवलतींचा पाऊस पाडला तेव्हा मी आहे तेच भाडं ठेवलं, भाडेकरू राहिले. ही घरं मोठ्या वेबसाइटवर येण्याआधीच मराठी-तेलुगू व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर संपतात. मात्र घर न बघता पैसे पाठवू नका, कुणीही कितीही गोड बोललं तरी.

हॉली स्प्रिंग्जही बघा असं काही जण सांगतील. फुजीफिल्म आणि अ‍ॅमजेनच्या औषध कारखान्यांमुळे तो भाग तापलाय, सप्टेंबर २०२४ मध्ये ५४० टोलरस्त्याचा पुढचा तुकडाही उघडला. पण आरटीपीसाठी रोज टोल भरून यायचं म्हणजे भाड्यात वाचवलेलं तिथे जाणार.

सही करण्याआधी शाळा तपासा, आणि ती ‘या भागातल्या शाळा चांगल्या’ एवढ्यावर नाही. वेक काउंटीच्या (रॉली-कॅरी ज्यात येतात तो जिल्हा) शाळांच्या वेबसाइटवर त्या घराचा अचूक पत्ता टाकला की ठरलेली शाळा दिसते. या बाजूच्या शाळा भरल्या की त्यांवर प्रवेशमर्यादा लागते, आणि मग नव्याने आलेल्या मुलाला घरासमोरची शाळा सोडून लांबची शाळा मिळू शकते. ही यादी दरवर्षी बदलते, म्हणून शेजाऱ्याचा मागच्या वर्षीचा अनुभव चालत नाही. काही शाळा वर्षभराच्या वेळापत्रकावर आहेत, नऊ आठवडे शाळा आणि तीन सुट्टी. दोघं नोकरी करणार असाल तर त्या तीन आठवड्यांत मुलीला ठेवायच्या कॅम्पचा खर्च आत्ताच धरा.

एच-१बीवर असाल तर लीज मोडण्याचं कलम दोनदा वाचा. साधारणपणे ६० दिवसांची नोटीस आणि वर दोनेक महिन्यांचं भाडं असतं. नोकरी गेली तर दुसरी शोधायला किंवा देश सोडायला हातात जास्तीत जास्त ६० दिवस असतात, म्हणजे नोटिशीचा आणि व्हिसाचा काळ एकदमच संपतो. बदली किंवा नोकरी गेल्यास दंड कमी, असं वाक्य घालून मागा. छोटे मालक सहसा घालतात.

अमेरिकेतला क्रेडिट इतिहास नाही म्हणून कुणी चार-सहा महिन्यांचं डिपॉझिट मागितलं तर सांगा, की वर्षाच्या लीजवर राज्याच्या कायद्याने दोन महिन्यांच्या भाड्यापेक्षा जास्त घेता येत नाही. ऑफर लेटर आणि पगाराचा आकडा सहसा पुरतो. घरभाड्याच्या तिप्पट उत्पन्न दाखवा म्हणतात. सोडताना डिपॉझिटचा हिशोब ३० दिवसांत यायला हवा, आणि नेहमीच्या वापराने झालेल्या झिजेचे पैसे त्यातून कापता येत नाहीत. चावी घेताना गालिच्याचे डाग, ओट्याच्या कडा आणि ओव्हनचं आतलं तोंड यांचे फोटो काढून त्याच दिवशी ऑफिसला ईमेल करा.

कॉम्प्लेक्सची नावं ठरली की कोटेशनसकट इथे टाका, आकडे बघून सांगतो.