ब्रिजमधला ‘क्लेम’: मागणी, हक्क की दावा?

कोथरूडच्या एक वाचक भगिनी नागपूरच्या भावाबरोबर ब्रिज बेस ऑनलाइन या संकेतस्थळावर ब्रिज हा पत्त्यांचा खेळ खेळतात. डाव संपायच्या आधीच पडद्यावरचे ‘क्लेम’ हे बटण दाबून उरलेले हात आपले म्हणण्याची तिथे जी सोय आहे, तिला मराठीत ‘हात मागणे’ म्हणावे का, असे त्यांनी विचारले आहे.

म्हणू नये. मराठीत हात मागायला गेलेला माणूस लग्नाची बोलणी करून परततो. शिवाय मागण्यात आर्जव असते आणि क्लेम करणारा आर्जव करत नसतो. ‘हात बोलणे’ हेही चालणार नाही, कारण जजमेंट हा पत्त्यांचा खेळ खेळणाऱ्या घरांत ते शब्द डावापूर्वी किती हात करणार हे सांगण्यासाठी कधीचे रुळले आहेत.

राहिले ‘हक्क सांगणे’ आणि ‘दावा करणे’. त्यांतून निवडण्याआधी क्लेममध्ये काय घडते ते पाहू. तेरापैकी आठ हात होऊन पाच उरले असताना चारांवर क्लेम केला, तर पाचवा हात आपोआप सोडला जातो. या सोडण्याला ‘हात सोडणे’ पुरेसे आहे. समोरासमोरच्या खेळात, आधी प्रतिस्पर्ध्यांकडचे हुकूम काढून घेईन, मग चौकटचे चढे पत्ते खेळेन, असा क्रम तेव्हाच सांगावा लागतो, आणि त्यात संदिग्धता राहून वाद झालाच तर शंकेचा फायदा क्लेम करणाऱ्याला मिळत नाही. ऑनलाइन खेळात हातांची संख्या निवडली की डाव खेळणाऱ्याचे पत्ते प्रतिस्पर्ध्यांना उघडे दिसतात. त्यांनी मान्यता दिली तर डाव तिथेच संपतो, नकार दिला तर खेळ पुढे चालतो, आणि तोही पत्ते पाहून झालेल्या प्रतिस्पर्ध्यांशी.

हक्क दुसऱ्याने मान्य करण्यावर अवलंबून नसतो. दावा मात्र मांडावा लागतो, तो सिद्ध करण्याचा भार मांडणाऱ्यावर असतो, आणि तो मान्य होतो किंवा फेटाळला जातो. येथेही नेमके तेच घडत असल्यामुळे मी ‘दावा करणे’ सुचवतो. ‘दावा फेटाळणे’ ही जोडीची क्रियाही त्याबरोबर आयती मिळते. ‘दावा’ म्हणजे वैर हा जुना अर्थ, भावाने दावा फेटाळला तर, आठवला तरी हरकत नाही.

सदाशिव पेठेतल्या आमच्या वाड्यात मेंढीकोट खेळताना पत्ते उताणे टाकून “उरलेले आमचे!” एवढेच म्हणत, क्रियापदाची गरजच पडत नसे. बटणावर लिहायचे म्हणून शब्द शोधावा लागला.