कॉलेजच्या खेळाडूंच्या व्यक्तिमत्त्व विकासासाठी जिमखान्याने नेमकं काय करावं?

तालुक्याच्या कॉलेजात नुकतेच शारीरिक शिक्षण संचालक म्हणून लागलात, खो-खो आणि कबड्डीचे संघ आहेत, आणि प्राचार्य म्हणतायत 'मुलांसाठी खेळापलीकडचं काहीतरी करा'. शिबिर घ्यावं की वक्ते बोलवावेत, असं तुम्ही विचारलंय.

मी याच नोकरीत २१ वर्षं काढली. त्याआधी विद्यापीठाकडून खो-खो खेळलो. शिबिरं मीही घेतली. पाहुणे आले, दीपप्रज्वलन झालं, 'जिद्द सोडू नका' म्हणाले. पोरं मागच्या रांगेत डुलक्या काढत होती, कारण सकाळी साडेपाचपासून मैदानावर होती. ज्यांनी जिद्द सोडली असती ती साडेपाचला आलीच नसती, हे पाहुण्यांना कोण सांगणार! म्हणून माझं उत्तर जरा उलट्या बाजूने आहे: नवं काही सुरू करायच्या आधी, आपण खेळाडूंची जी कामं त्यांच्याऐवजी करतो ती करणं थांबवा.

मला हे फार उशिरा कळलं. आमच्याकडे एक पोरगा होता, आक्रमणाला बसला की समोरच्याचा पाय कुठल्या बाजूला वळणार हे आधी ओळखायचा. तिसऱ्या वर्षाला पोलीस भरतीसाठी त्याला बोनाफाइड हवं होतं. अर्धा तास माझ्या केबिनबाहेर उभा. "सर, तुम्हीच सांगा ना ऑफिसात." मी त्याला खिडकीपाशी नेलं. क्लार्कने कोरा कागद पुढे सरकवला, म्हणाला, अर्ज लिहा. पोराने 'प्रति, मा. प्राचार्य' इतकं लिहिलं आणि पेन हातात धरून माझ्याकडे बघत राहिला. अर्ध्या सेकंदात डाव फिरवणारा गडी चार ओळींच्या अर्जापुढे अडला होता.

घरी जाताना हिशेब केला. तीन वर्षांत त्याचा स्पर्धेचा पात्रता अर्ज मी भरला होता. परीक्षा फॉर्म आमच्या शिपायाने भरला होता. हजेरीसाठी विभागप्रमुखांकडे मी गेलो, प्रॅक्टिकलची तारीख मी बदलून घेतली. तो फक्त फुलीपाशी सही करायचा. आणि मी स्टाफरूममध्ये मिरवायचो, "माझी पोरं फक्त खेळतात, बाकीचं मी बघतो."

पुढच्या जुलैपासून पात्रता अर्ज ज्याचा त्याने भरायचा असं ठरवलं. पहिल्या वर्षी व्हाइटनरच्या दोन बाटल्या संपल्या. पण त्या निमित्ताने प्रत्येकाने आपलं नाव दहावीच्या गुणपत्रिकेवर कसं आहे ते पहिल्यांदा नीट पाहिलं. ही किरकोळ गोष्ट नाही. सरकारी नोकरीत खेळाडूंना ५ टक्के आरक्षण आहे हे सगळ्यांना पाठ असतं. पण त्यासाठी खेळाच्या प्रमाणपत्राची पडताळणी क्रीडा खात्याच्या विभागीय उपसंचालकांच्या कार्यालयातून करून घ्यावी लागते, हे बहुतेकांना जाहिरात निघाल्यावर कळतं. मग धावपळ. आमच्या एका मुलीच्या प्रमाणपत्रावर आडनावात एक अक्षर जास्त होतं. स्पर्धेला सहा वर्षं झालेली, संघाची मूळ यादी शोधता शोधता तिचा जीव मेटाकुटीला आला. आता प्रत्येकाची एक फाइल असते: प्रमाणपत्र, संघाच्या यादीची प्रत, निकालपत्र, आपण खेळलो त्या सामन्यांच्या तारखा. फाइल त्यांच्याच घरी राहते. मी वर्षातून एकदा बघतो, बस्स.

दुसरी गोष्ट, दौऱ्यावरचे पैसे. माझं सगळ्यात आवडतं साधन हेच. पूर्वी पैसे माझ्या कमरेच्या पाकिटात असायचे आणि पोरं पिलांसारखी मागे मागे. आता प्रत्येक दौऱ्याला एकजण व्यवस्थापक असतो, आणि तो मुद्दाम राखीव खेळाडूंतला घेतो. तिकिटं, जेवण, पाण्याची बाटली, रिक्षा, पावत्या, सगळं त्याच्याकडे. एकदा परतीच्या प्रवासात आमची गाडी पाच तास उशिरा होती. फलाटावर रात्री दहाला बारा जण भुकेले, आणि व्यवस्थापक म्हणजे एफ. वाय.चा एक अबोल पोरगा. त्याने आधी वहीत बघितलं किती उरलेत, मग समोरच्या गाड्यावर जाऊन बारा प्लेट पुलावाचा भाव पाडून आला. वर पावतीही मागितली. गाडेवाला हसला, पण एका चिठ्ठीवर लिहून दिलं. ती चिठ्ठी आमच्या अकाउंटंटने मान्य केली नाही, ही गोष्ट वेगळी! पण त्या दौऱ्यानंतर कर्णधारसुद्धा त्या पोराला विचारून बाहेर जायला लागला. मैदानावर त्याला एकही डाव मिळाला नव्हता.

दुखापत झालेल्यांकडे आपलं सगळ्यात जास्त दुर्लक्ष होतं. खो-खोत गुडघा गेला की वर्ष गेलंच. आमच्या एका मुलीचं तसं झालं. दोन महिने ती मैदानाकडे फिरकली नाही, घरी स्थळं बघायला सुरुवात झाली. मी घरी गेलो तर आई म्हणाली, "आता खेळत नाही ना सर, मग कॉलेजला जाऊन तरी काय करायचं?" हा प्रश्न आईचा असला तरी उत्तर माझ्याकडेही तयार नव्हतं, कारण मीसुद्धा तिला खेळाडू म्हणूनच ओळखत होतो. ती अर्थशास्त्राला होती हे मला रजिस्टर बघून कळलं. तिला गुणलेखक म्हणून बसवलं. खो-खोचं गुणपत्रक भरणं सोपं नाही, कोण कुणाला कितव्या मिनिटाला बाद करतो ते नजर न हलवता टिपावं लागतं. वर्षभरात आमच्याकडच्या कुठल्याही सामन्याचं पत्रक तिच्याशिवाय पूर्ण व्हायचं नाही. नंतर तिने पंच परीक्षाही दिली. ज्या मुली तिला तोंडावर उलट बोलायच्या, त्या तिच्या शिट्टीला थांबायला लागल्या. तिच्यामुळे मी नियम केला की प्रत्येकाने वर्षातून किमान दोन सामन्यांत पंच किंवा गुणलेखक म्हणून उभं राहायचं. निर्णय देणं आणि शिव्या खाणं दोन्ही शिकावं.

अभ्यासाबद्दल थोडक्यात: आंतरविद्यापीठ स्पर्धा आणि सत्र परीक्षा हमखास एकमेकींवर येतात. प्राध्यापकांशी तुम्ही बोलू नका, मुलांना पाठवा. तुम्ही फक्त आदल्या दिवशी प्राध्यापकांना सांगून ठेवा की पोरगा येणार आहे, झिडकारू नका.

प्रो कबड्डी लीग २०१४ ला सुरू झाली, अल्टिमेट खो-खो २०२२ ला. चांगलंच झालं. पण तेव्हापासून प्रत्येक दुसऱ्या चढाईपटूला वाटतं आपला लिलाव होणार. त्यांना स्वप्नातून जागं करायच्या फंदात पडू नका, तुमचं ऐकणार नाहीत. त्यापेक्षा खाशाबा जाधवांची गोष्ट पूर्ण सांगा. बक्षीस समारंभात आपण अर्धीच सांगतो: राजाराम कॉलेजचे प्राचार्य खर्डेकर यांनी घर गहाण ठेवून सात हजार रुपये दिले, खाशाबांनी १९५२ ला हेलसिंकीत कांस्य आणलं, बैलगाड्यांतून मिरवणूक निघाली. पुढचं असं, की परत आल्यावर त्यांनी कुस्त्यांची मैदानं भरवून देणी फेडली, आणि पोलिसात फौजदार म्हणून लागले ते १९५५ ला. पदक आणि पगार यांच्यामध्ये तीन वर्षं होती, तीही स्वतंत्र भारताच्या पहिल्या वैयक्तिक ऑलिम्पिक पदकवीराची. मुली असतील तर खो-खोच्या सारिका काळेंचं सांगा. भारतीय संघाच्या माजी कर्णधार, २०२० चा अर्जुन पुरस्कार, आणि तेव्हा नोकरी तुळजापूरला तालुका क्रीडा अधिकारी. हे आमच्या मुलींना लीगपेक्षा जवळचं वाटतं, कारण तालुका क्रीडा अधिकाऱ्याचं ऑफिस त्यांनी पाहिलेलं असतं.

प्राचार्यांना अहवालात दाखवायला काही तरी लागेलच. त्यासाठी एक शिबिर घ्या, पण त्यात बँकेची स्लिप, अर्जलेखन आणि पडताळणीची फाइल एवढंच ठेवा, आणि ते तिसऱ्या वर्षाच्या खेळाडूंना शिकवायला लावा. दुपारी घ्या, जेवण झाल्यावर नको. दौऱ्याच्या पैशांचं मात्र ऑफिसशी आधी बोलून घ्या. वही पोराकडे असली तरी उचल तुमच्या नावावर असते, आणि पावती हरवली तर ती रक्कम तुमच्याच पगारातून जाते. माझी आजवर तीनदा गेलीय.