खाली थेंब नाही, मागे धूर नाही, तरी जुन्या गाडीचं इंजिन ऑइल जातं कुठे?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: १४ वर्षं जुनी पेट्रोल गाडी, दीड हजार किलोमीटरमध्ये डिपस्टिकवरचं (ऑइलची पातळी बघायच्या पट्टीवरचं) ऑइल वरच्या खुणेपासून खालच्या खुणेपर्यंत उतरतं, पार्किंगमध्ये एकही डाग नाही, सायलेन्सरमधून धूर नाही, आणि मेकॅनिक म्हणतो रिंग (पिस्टनभोवतीची कडी, जी ऑइल वर जाऊ देत नाही) गेल्या, इंजिन उतरवा.

उतरवू नका. निदान आत्ताच नको. मी ह्याच जागी वर्षभर अडकलो होतो, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

आधी "थेंब नाही, धूर नाही" ह्याचा हिशोब करू, कारण सगळा घोळ तिथे होतो. बऱ्याच छोट्या इंजिनांत डिपस्टिकच्या दोन खुणांमध्ये साधारण १ लिटर ऑइल मावतं. १ मिलीलिटरचे अंदाजे २० थेंब धरले, तर लिटरचे झाले २० हजार. दीड हजार किलोमीटरवर ते वाटले की दर ७५ मीटरला एक थेंब. साठच्या वेगाला चार-साडेचार सेकंदांत एक. असा थेंब रस्त्यावर कोणाला दिसणार? त्यातही अनेक गळत्या इंजिन चालू असताना, ऑइलला प्रेशर असतानाच होतात. गाडी बंद केली की गळती बंद, आणि सकाळी पार्किंग कोरडं.

धुराचंही तसंच. गाडी १५ चं मायलेज देत असेल, तर दीड हजार किलोमीटरला १०० लिटर पेट्रोल जळतं. त्यात १ लिटर ऑइल म्हणजे १ टक्का. टू-स्ट्रोक गाड्यांत पेट्रोलमध्ये २ टक्के ऑइल मुद्दाम घालत, त्यांचा धूर सगळ्यांना आठवत असेल. तुमचं प्रमाण त्याच्या निम्मं, वर मध्ये कॅटॅलिटिक कन्व्हर्टर, म्हणजे सायलेन्सरच्या वाटेवरचा धूर शुद्ध करणारा डबा, बसलेला. गरम इंजिनवर, चालत्या गाडीत, आरशात काही दिसलं नाही तर नवल नाही. म्हणजे गळतंय का जळतंय, हे तुम्हाला अजून कळलेलंच नाही. दोन्ही शक्य आहेत, दोन्ही एकाच वेळीही शक्य आहेत.

म्हणून पहिलं काम मोजण्याचं. सपाट जागा, इंजिन गरम करून बंद करा, दहा मिनिटं थांबा म्हणजे वरचं ऑइल चेंबरमध्ये, म्हणजे इंजिनच्या तळाशी, उतरेल. डिपस्टिक काढा, पुसा, पूर्ण आत घाला, मग वाचा. दोन्ही बाजू बघा, आणि जी बाजू कमी दाखवते ती खरी धरा, कारण नळीच्या भिंतीला लागून आलेलं ऑइल एका बाजूला उगाच वर दिसतं. वरच्या खुणेपर्यंत भरा, किलोमीटर लिहून ठेवा. पुढच्या वेळी भरताना अंदाजाने ओतू नका. मी ऑइलचा कॅन स्वयंपाकघरातल्या वजनकाट्यावर ठेवायचो, ओतण्याआधी आणि ओतल्यानंतर. इंजिन ऑइल पाण्यापेक्षा हलकं असतं, ४३० ग्रॅम कमी झालं म्हणजे अर्धा लिटर गेलं असं समजा. शेजारी तारीख, किलोमीटर आणि गाडी कशी चालली ते एका ओळीत: हायवे, शहर, घाट. ही शेवटची नोंदच पुढे सगळ्यात कामाला आली.

एक सावधगिरी. ऑइल बदलून आणल्याच्या दुसऱ्या दिवशी डिपस्टिक बघितली होती का? नवा फिल्टर इंजिन सुरू झाल्यावर भरतो आणि थोडं ऑइल आत ठेवून घेतो. भरतानाच कमी भरलं असेल, तर न गेलेलं ऑइल तुम्ही गेलं म्हणून मोजताय. दुसरं असं की रोज दोन-तीन किलोमीटरच गाडी चालत असेल, तर थंड इंजिनात न जळलेलं पेट्रोल ऑइलमध्ये उतरतं आणि पातळी टिकून राहिल्यासारखी वाटते. मग एखाद्या लांबच्या प्रवासात ते पेट्रोल उडून जातं, पातळी एकदम खाली येते, आणि माणूस घाबरतो की एका दिवसात अर्धा लिटर गेलं. त्यामुळे एका भरणीवरून निष्कर्ष काढू नका, निदान दोन होऊ द्या.

आता गळती. इंजिन बाहेरून स्वच्छ करून घ्या, वायरिंगवर पाण्याचा फवारा न मारता. ५० किलोमीटर चालवा, मग टॉर्च घेऊन वरून खाली बघत या. ऑइल नेहमी खाली आणि वाऱ्याने मागे जातं, त्यामुळे जिथे ओलं दिसतं तिथून गळत असेलच असं नाही. सगळ्यात वरची ओली जागा शोधायची. बघायच्या जागा म्हणजे टॅपेट कव्हरचं (इंजिनच्या वरच्या झाकणाचं) पॅकिंग, ऑइल प्रेशर स्विच, फिल्टरची बैठक, क्रँकचं पुढचं सील, आणि इंजिन-गिअरबॉक्सच्या जोडावरचं मागचं सील. शंका असेल त्या जोडावर टाल्कम पावडर शिंपडून एक फेरी मारा, ओला माग काळा उठून दिसतो. टॅपेट कव्हरमधून झिरपलेलं ऑइल गरम एक्झॉस्टवर पडून तिथेच जळतं, खाली येतच नाही. सिग्नलला थांबल्यावर जळका वास येत असेल तर आधी तिथे बघा. हे सोडवणं मात्र सोपं आहे.

बाहेर काहीच सापडलं नाही तर इंजिन ऑइल खातंय. आणि इथे "रिंग गेल्या" म्हणण्याआधी एका साध्या भागाकडे बघायला हवं. माझ्या गाडीत तोच होता.

रिंग कितीही चांगल्या असल्या तरी सिलेंडरमधला थोडा गॅस पिस्टनच्या कडेने खाली चेंबरमध्ये जातोच. तो बाहेर काढून पुन्हा इनटेकमध्ये, जळायला पाठवायचं काम पीसीव्ही व्हॉल्व्ह करतो. हा व्हॉल्व्ह काजळी आणि चिकट ऑइलने अडकतो. उघडा अडकला तर इनटेक चेंबरमधून ऑइलचे तुषार ओढत राहतो आणि ते शांतपणे जळून जातात. बंद अडकला तर आत दाब साठतो आणि धडधाकट सीलमधूनही ऑइल बाहेर ढकलतो. मग लोक सील बदलत बसतात, ती पुन्हा गळतात.

मी टॅपेट कव्हरचं पॅकिंग दोनदा बदललं होतं. हजार किलोमीटरला ६०० मिली जात होतं ते ५५० वर आलं, बस्स. शेवटी एका वयस्कर मेकॅनिकने इंजिन आयडलवर ठेवलं, ऑइल भरायचं झाकण काढलं आणि त्या तोंडावर पातळ कागद धरला. चांगल्या इंजिनात कागद हलकेच चिकटतो. माझ्या गाडीत तो वर उडून थरथरत राहिला आणि तोंडातून वाफेसारखं काहीतरी येत होतं. त्याने ब्रीदर पाइप (चेंबरमधला गॅस नेणारा पाइप) काढून आत बोट फिरवलं, बोट काळ्या लोण्याने माखलं. व्हॉल्व्ह काढून कानाशी हलवला. तो आत खुळखुळायला हवा, ह्याचा आवाजच नव्हता. पाइप साफ झाले, व्हॉल्व्ह नवा लागला, पुढच्या हजाराला २५० मिली गेलं. वर्षभराचं डोकं दुखणं अर्ध्या तासात एवढ्यावर आलं, तेव्हा मला आनंदापेक्षा वाईट जास्त वाटलं. कारण मधल्या काळात मी ती गाडी विकायला निघालो होतो.

काही गाड्यांत वेगळा व्हॉल्व्ह नसतो, टॅपेट कव्हरमध्येच एक रबरी पडदा असतो आणि तो फाटतो. कागदाची परीक्षा तरीही चालते. झाकण इतकं ओढलं जात असेल की निघता निघत नाही, तर तेही बरं लक्षण नाही.

उरलेले २५० मिली कुठे गेले ते वहीने सांगितलं. घाट उतरल्याच्या आठवड्यात आकडा वाढायचा. लांब उतारावर अ‍ॅक्सिलरेटर सोडून गिअरवर गाडी धरली की इनटेकमध्ये जोरदार ओढ तयार होते आणि कडक झालेल्या व्हॉल्व्ह सीलमधून (पीसीव्हीच्या नव्हे, सिलेंडरच्या डोक्यावरच्या व्हॉल्व्हच्या सीलमधून) ऑइल खाली ओढलं जातं. मित्राला मागच्या गाडीत बसवलं. उतार संपल्यावर मी अ‍ॅक्सिलरेटर दिला की त्याला निळसर धुराचा एकच झोत दिसायचा. रात्रभर उभ्या गाडीला सकाळी पहिल्या स्टार्टला असाच झोत आला तरी संशय ह्याच सीलवर घ्यायचा. ती रबरी असतात, वयाने कडक होतात. बऱ्याच इंजिनांत हेड, म्हणजे सिलेंडरवरचा भाग, न उतरवता, सिलेंडरमध्ये हवेचा दाब देऊन व्हॉल्व्ह वर धरून बदलता येतात. मेकॅनिकला हे आधी विचारा.

रिंग असतील तर चढावर, जोर देताना सतत निळा धूर राहतो. खात्रीसाठी कंप्रेशन टेस्ट, म्हणजे प्रत्येक सिलेंडरमधल्या दाबाची मोजणी, करून घ्या, कोरडी आणि ओली. कमी आकडा आलेल्या सिलेंडरमध्ये चमचाभर ऑइल घालून पुन्हा मोजतात. आकडा चढला तर रिंग किंवा बोअर (सिलेंडरची आतली भिंत), नाही चढला तर सिलेंडरचे व्हॉल्व्ह. मात्र कंप्रेशन उत्तम असूनही ऑइल खाल्लं जाऊ शकतं, कारण ऑइल खरवडणारी खालची रिंग काजळीने खाचेत चिकटलेली असते आणि ह्या टेस्टमध्ये ती पकडली जात नाही. ऑइल बदलायला उशीर केलेल्या गाड्यांत हे फार दिसतं. स्पार्क प्लग काढाल तेव्हा कुठला कुठल्या सिलेंडरचा ते लक्षात राहील असे ओळीने मांडा. चारही सारखे काळे असणं वेगळं आणि एकच ओला असणं वेगळं.

ऑइलबरोबर कूलंटही कमी होत असेल, किंवा कूलंटच्या टाकीत तपकिरी तवंग असेल, तर वरचं सगळं बाजूला ठेवा आणि हेड गॅस्केट (हेडखालचं पॅकिंग) व ऑइल कूलर आधी तपासून घ्या. त्यात थांबू नये.

जाड ऑइल घालण्याबद्दलही विचारलंय. मॅन्युअलमध्ये चालणारे जे ग्रेड दिलेत, त्यांतला जाड घ्यायला हरकत नाही, ५डब्ल्यू-३० च्या जागी ५डब्ल्यू-४० वगैरे. त्याने खप थोडा उतरतो. मॅन्युअलच्या बाहेर जाऊ नका. आणि "जातंच आहे तर जास्त भरू" हे तर अजिबात नको. वरच्या खुणेच्या वर भरलं की क्रँक ते घुसळतो, फेस होतो, आणि ब्रीदरमधून उलट जास्त ऑइल जळायला जातं.

तोवर दर ५०० किलोमीटरला डिपस्टिक बघा. लाल दिव्यावर विसंबू नका. तो प्रेशरचा दिवा आहे, पातळीचा नाही. तो लागेपर्यंत बेअरिंगला ऑइल मिळेनासं झालेलं असतं, त्या क्षणी गाडी बाजूला घेऊन इंजिन बंदच करायचं.

काही कंपन्या स्वतःच्या मॅन्युअलमध्ये हजार किलोमीटरला १ लिटरपर्यंतचा खप चालेल असं लिहितात. मला ती मर्यादा फारच सैल वाटते, कारण एवढं ऑइल जळत राहिलं तर कॅटॅलिटिक कन्व्हर्टर खराब होतो. पण तुमचा आकडा तिच्याही आत आहे, म्हणजे घाई करायचं कारण नाही.

ऑइलचं झाकण काढून तोंडावर कागद धरून काय होतं ते बघा, आणि दोन भरण्यांचे आकडे व चार प्लगांचे फोटो इथे टाका. मग रिंग का सील ते नीट बोलता येईल.