लिबर्टेरियन लोकांना सरकारच नको असतं का?
नाही हो, सरकारच नको म्हणणारे ते अराजकवादी. बहुतेक लिबर्टेरियन माणसं म्हणतात पोलीस, कोर्ट, सीमेचं रक्षण एवढं सरकारने नीट करावं, बाकी मी काय खातो-पितो, काय पिकवतो, कुणाला विकतो यात नाक खुपसू नये, फक्त माझ्यामुळे दुसऱ्याचं नुकसान व्हायला नको. शेतकरी संघटनेचे नेते शरद जोशी यांचं उदाहरण घ्या ना. १९७२ पासून कापूस एकाधिकार खरेदी होती, म्हणजे विदर्भातल्या शेतकऱ्याने स्वतः राबून पिकवलेला कापूस पण सरकारलाच द्यायचा, बाहेर भाव जास्त असला तरी राज्याबाहेर न्यायला बंदी, हा सरळ सरळ अन्याय होता! 'भीक नको, हवे घामाचे दाम' ही त्यांची घोषणा त्यातूनच कळते. पुढे १९९४ ला त्यांनी स्वतंत्र भारत पक्ष काढला तो याच विचारावर.