वाचकांचे प्रश्न : रीमॅप, हेड फेसिंग आणि पन्हाळ्याचा घाट

या वेळी आलेल्या पत्रांत बहुतेक सगळे पॉवर वाढवण्याच्याच मागं लागलेत, म्हणून मायलेज आणि पेंटचे प्रश्न पुढच्या अंकात घेतो. नावं छापत नाही, गल्ली-गाव तेवढं ठेवलंय.

प्रश्न : दादा, माझ्याकडं २०१५ ची पोलो जीटी टीएसआय आहे, डीएसजीवाली. मित्रानं पुण्यात स्टेज १ रीमॅप करून घेतला, त्याची गाडी नुसती उडतेय. मला पण करायचाय, पण घरचे म्हणतात इंजिन बसंल, आणि आता पंपावर सगळीकडं ई-२०, म्हणजे वीस टक्के इथेनॉलचं पेट्रोलच मिळतंय. करू का नको? (राजारामपुरी)

करता येईल भावा, पण क्रम उलटा नको. आधी गाडी तपासायची आणि मग मॅपचं बोलायचं. कायद्याची बाजू खाली सायलेन्सरच्या प्रश्नात लिहिलीय, ती पण वाच आणि मगच ठरव.

तुझी गाडी कंपनीनं १०५ पीएस आणि १७५ न्यूटन मीटरला विकली. स्टेज १ म्हणजे पार्ट एकही न बदलता फक्त ईसीयूमधला (इंजिन चालवणाऱ्या कॉम्प्युटरमधला) मॅप बदलायचा, आणि टर्बो गाडीत तेवढ्यावर पंचवीस-तीस टक्के वाढ मिळते, कारण बूस्ट (टर्बोचा हवेचा दाब) थोडा वाढवायला आणि इग्निशन (ठिणगीची वेळ) थोडं पुढं घ्यायला कंपनीनं जागा ठेवलेली असते. ती जागा कंपनीनं उगाच ठेवलेली नाही. भर उन्हाळा, कुठलंतरी खराब पेट्रोल, सर्व्हिस चुकवणारा मालक, एवढं सगळं सोसून इंजिन टिकावं म्हणून ती आहे. रीमॅपवाला त्यातलाच एक भाग काढून तुला देतो, त्यामुळं पुढं पेट्रोल, ऑइल आणि गरमी यांची काळजी तुलाच घ्यावी लागणार.

आता गिअरबॉक्स. सात गिअरची ही ऑटोमॅटिक डीएसजी ड्राय क्लचची आहे आणि तिची मर्यादा २५० न्यूटन मीटर. नव्या क्लचला २५०, पण दहा वर्षं शहरात हाफ क्लचवर सरकलेल्या गाडीचं काय? म्हणून ट्यूनरला स्पष्ट सांग, टॉर्क २२० च्या आत ठेव आणि तो १,६०० आरपीएमलाच सगळा ओतू नको, २,५०० पर्यंत हळूहळू चढू दे. यात क्लच तर वाचतोच, पण खरं कारण वेगळं आहे. डायरेक्ट इंजेक्शनच्या छोट्या टर्बो इंजिनात कमी आरपीएमला जास्त लोड पडला की कधीकधी ठिणगीच्या आधीच मिश्रण पेटतं आणि तो एक दणका पिस्टनची रिंग लँड (रिंगांमधली पट्टी) तोडायला पुरतो. ऑइल घेताना मॅन्युअलमधलं फोक्सवॅगनचं अप्रूव्हल बघ आणि शक्यतो एपीआय एसपी ग्रेडचं घे, त्या ग्रेडच्या टेस्टमध्ये नेमका हाच त्रास तपासलेला असतो.

ई-२० बद्दल लोक नुसतं घाबरतात, पण त्यात चांगलं पण आहे. आपल्याच भागातल्या साखर कारखान्यांच्या डिस्टिलरीत तयार होणारं इथेनॉल ते. त्यानं ऑक्टेन वाढतं, ई-२० चं किमान ९५ धरलंय आणि साधं पेट्रोल ९१ चं होतं, म्हणजे नॉकिंगच्या (इंधन अवेळी पेटून ठोके बसण्याच्या) बाबतीत मदतच होते. पण इथेनॉलमध्ये ऊर्जा पेट्रोलपेक्षा साधारण एक तृतीयांश कमी, म्हणून तेवढ्याच पॉवरला इंधन जास्त लागतं, शुद्ध पेट्रोलला हवेचं प्रमाण (वजनानं, एका भाग इंधनामागं) १४.७ लागतं ते ई-२० ला साडेतेराच्या आसपास येतं, आणि इंजेक्टर आणि पंप यांची जी राखीव ताकद रीमॅपला वापरायची ती आधीच थोडी खर्च झालेली असते. शिवाय २०१५ ची गाडी ई-२० साठी बनलेलीच नाही, तशा मटेरिअलच्या गाड्या एप्रिल २०२३ पासून यायला लागल्या. त्यामुळं इंधनाचे होज आणि सील आधी बघून घे. मॅप १०० ऑक्टेनच्या पेट्रोलवर बनवून घेऊ नको, ते पेट्रोल गगनबावड्याच्या वाटेवर कुठं शोधणार?

मित्राची गाडी उडतेय हे ठीक, पण त्यानं लॉग (चालत्या गाडीच्या सेन्सरांची नोंद) बघितलाय का विचार. तू आधी स्टॉक, म्हणजे रीमॅप न केलेल्या गाडीचाच लॉग काढ. साधा ओबीडी स्कॅनर लाव, वाघबिळापासून पन्हाळ्यापर्यंत एसी लावून नेहमीच्या वेगानं घाट चढ आणि आत जाणाऱ्या हवेचं तापमान, फ्युएल ट्रिम (ईसीयू इंधन किती वाढवतो-घटवतो ते) आणि जमलं तर नॉकमुळं मागं घेतलेलं टायमिंग बघ. ट्रिम सतत दहा टक्क्यांच्या पुढं असेल तर कुठंतरी लीक आहे, सेन्सर घाण झालाय किंवा इंधन कमी पडतंय, तसल्या गाडीवर रीमॅप करूच नये. रीमॅपनंतर फुल थ्रॉटलचा लॉग मात्र डायनोवरच (पॉवर मोजायच्या रोलरवर), शिरोलीच्या पुढं हायवेवर पुल मारून नाही. एखाद्या सिलेंडरवर सारखं तीन-चार डिग्री टायमिंग मागं जात असेल तर मॅप तुझ्या गाडीला जड झालाय, परत जाऊन कमी करून घे. चांगला ट्यूनर यावर वाद घालत नाही, आणि जो लॉगच दाखवत नाही त्याच्याकडं गाडी सोडू नको.

प्रश्न : स्विफ्ट डिझेल आहे, १.३. ऑनलाइन एक ट्यूनिंग बॉक्स मिळतोय, वायर खोचली की झालं म्हणे, २५ टक्के पॉवर. घेऊ का? (कागल)

नको. तो बॉक्स कॉमन रेलच्या (सगळ्या इंजेक्टरना डिझेल देणाऱ्या नळीच्या) प्रेशर सेन्सरचा सिग्नल कमी करून ईसीयूला दाखवतो, ईसीयूला वाटतं प्रेशर कमी आहे म्हणून तो अजून वाढवतो, आणि जास्तीचं डिझेल सगळीकडं सारखंच जातं, हवा तेवढी आहे का नाही हे कुणी बघतच नाही. मग मागनं काळा धूर, टर्बोला जादा गरमी आणि थोड्या दिवसांत क्लच घसरायला लागणार. त्याच पैशात इंजेक्टर तपासून घ्या आणि टर्बोच्या पाइपा लीक आहेत का बघा. जुन्या १.३ मध्ये हरवलेली ताकद बऱ्याचदा तिथंच सापडते.

प्रश्न : नमस्कार सर. वडिलांची एस्टीम आहे, १६ व्हॉल्व्हची एमपीएफआय. विकायची नाही, उलट इंजिन उघडून नीट करायचंय. उद्यमनगरात एक मेस्त्री म्हणतात हेड (सिलेंडरवरचं झाकण) एक मिलिमीटर घासून उतरवू, पोर्ट आरशासारखे पॉलिश करू, गाडी पेटेल. तुमचं मत? (उचगाव)

हे पत्र वाचून फार बरं वाटलं. म्हादबा मेस्त्रींचा वारसा सांगणाऱ्या कोल्हापुरात, जिथं ऑइल इंजिनांवर पिढ्या घडल्या आणि बोरिंग, होनिंग, फेसिंग सगळं एका गल्लीत होतं, तिथं असं इंजिन मनापासून बांधलं पाहिजे.

पण मेस्त्रींना सांगा, मशीन लावायच्या आधी मोजू. सगळ्यात आधी इंजिन गरम करून कॉम्प्रेशन टेस्ट, चारही सिलेंडरमध्ये दहा टक्क्यांपेक्षा जास्त फरक नको. एखादा कमी आला तर प्लगच्या भोकातून चमचाभर ऑइल सोडून परत बघा, आकडा चढला तर रिंगा गेल्यात, चढला नाही तर व्हॉल्व्ह नाहीतर गॅस्केट. रिंगा गेलेल्या ब्लॉकवर हेडचं कितीही काम केलं तरी ते पैसे वाया.

आता एक मिलिमीटरचा हिशोब करू. ७४ मिलिमीटरचा बोर (सिलेंडरचा व्यास), ७५.५ चा स्ट्रोक (पिस्टनची धाव), म्हणजे एका सिलेंडरचे साधारण ३२५ सीसी. कॉम्प्रेशन रेशो ९.५ धरला तर वर उरणारी जागा ३८ सीसीच्या थोडी पुढं. हेड अर्धा मिलिमीटर उतरवलं तर त्यातले पावणेदोन सीसीच्या आसपास जातात आणि रेशो ९.९ होतो, एक मिलिमीटर उतरवलं तर १०.३ च्या जवळ. आजच्या ऑक्टेनला तो चालूही शकेल, पण तुमच्या गाडीत नॉक बघून टायमिंग आवरणारी आजच्यासारखी व्यवस्था आहे असं धरून चालू नका, नॉक झाला तर तो कानानंच ओळखायला लागेल. शिवाय हेड खाली आलं की व्हॉल्व्ह आणि पिस्टनमधलं अंतर कमी होतं आणि बेल्टवरचं कॅम टायमिंग थोडं मागं सरकतं. उतरवलेलं परत चढवता येत नाही, म्हणून फक्त सपाट होण्यापुरतं फेसिंग करा, फार तर अर्धा मिलिमीटर.

आणि चेंबर खरंच मोजा, अंदाजानं नाही. प्लग लावा, व्हॉल्व्हच्या सीटला ग्रीसचा हलका हात द्या, हेडच्या तोंडावर एक भोक पाडलेली जाड अॅक्रिलिकची पट्टी ग्रीसनं चिकटवा आणि हेड थोडं तिरकं ठेवून बुरेटमधून रंगीत रॉकेल थेंबथेंब सोडा, शेवटचा बुडबुडा निघाला की आकडा लिहा. चारही चेंबर अर्ध्या सीसीच्या आत जुळले पाहिजेत. जुळले नाहीत तर ज्यात कमी मावतंय त्यातली धार हातानं घासून जुळवायचं. या कामाला एक अख्खी दुपार जाते, पण असं जुळवलेलं इंजिन आयडलला ज्या शांतपणे फिरतं ते एकदा ऐकलं की दुसरं काही नको वाटतं.

पोर्टबद्दल, इनटेकला आरसा नकोच. कास्टिंगच्या कडा काढा, मॅनिफोल्ड आणि गॅस्केटची तोंडं जुळवा आणि पृष्ठभाग थोडा खरबरीत राहू द्या, एक्झॉस्ट पाहिजे तर गुळगुळीत करा. पोर्ट मोठं करायच्या नादात हवेचा वेग पडतो आणि शाहूपुरीच्या ट्रॅफिकमध्ये गाडी मेल्यासारखी चालते. खरा फायदा तीन कोनांच्या व्हॉल्व्ह सीट कटिंगमध्ये आहे, ३०, ४५, ६०, आणि नवीन गाइडमध्ये. कॅम कंपनीचाच ठेवा. इंधनाचे सगळे रबरी होज इथेनॉल चालणारे टाका, जुनं रबर ई-२० नं फुगतं आणि गरम इंजिनावर पेट्रोल ठिबकणं म्हणजे आग.

प्रश्न : भावा, आय-ट्वेंटी एन लाइनला कॅट (धूर साफ करणारा कॅटॅलिटिक कन्व्हर्टर) काढून स्ट्रेट पाइप टाकायचाय आणि पॉप-बँग मॅप पाहिजे, रंकाळ्याला आवाज घुमला पाहिजे. किती खर्च येईल? (शिवाजी पेठ)

खर्च सांगणार नाही, कारण हे करू नकोस असंच माझं म्हणणं आहे. पॉप-बँग म्हणजे थ्रॉटल सोडल्यावर मुद्दाम पेट्रोल चालू ठेवून इग्निशन उशिरा करायचं, मग जाळ सिलेंडरमध्ये न होता एक्झॉस्टमध्ये आणि टर्बोच्या चाकावर होतो. कॅट असेल तर त्याची जाळी वितळते, आणि कॅट काढला की कार्बन मोनॉक्साइड आणि नायट्रोजनचे ऑक्साइड सरळ बाहेर, ते पण रंकाळ्यावर लेकरं घेऊन फिरायला आलेल्या माणसांच्या नाकात. सीपीआर हॉस्पिटलसमोरून तसली गाडी गेली तर आत झोपलेल्या पेशंटला काय वाटत असेल? हॉस्पिटलच्या भोवती शंभर मीटर शांतता क्षेत्र असतं.

कायदा सगळ्यांसाठी सांगतो. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ प्रमाणं कंपनीच्या मूळ स्पेसिफिकेशनपेक्षा वेगळा बदल चालत नाही, जानेवारी २०१९ मध्ये सुप्रीम कोर्टानं पण हेच ठासून सांगितलं. कलम १८२-ए खाली मालकाला प्रत्येक बदलामागं ५,००० रुपये दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही, आणि आवाज-धुराच्या नियमांसाठी कलम १९० मध्ये १०,००० पर्यंत दंड वेगळा. रीमॅप बाहेरून दिसत नाही म्हणून तो यातून सुटतो असं समजू नका. वॉरंटीत कंपनीचं सर्व्हिस सेंटर फ्लॅश झालेला ईसीयू ओळखू शकतं, आणि विमा कंपनीला न सांगता केलेला बदल क्लेमच्या वेळी अंगाशी येतो. एवढं कळूनही ज्याला पूर्ण ताकद वापरायचीच आहे त्यानं ट्रॅकवर जावं, आपल्या कोल्हापूरच्या मातीतून नॅशनल लेव्हलचे रेसर निघालेत आणि ते सगळे ट्रॅकवरच शिकले.

प्रश्न : रीमॅप झालाय, आता पुढचं काय घेऊ, इंटरकूलर का इनटेक? (गडहिंग्लज)

ब्रेक आणि टायर. ब्रेक फ्लुइड हवेतलं पाणी शोषतं. नवीन डॉट-४ ला उकळायला किमान २३० डिग्री लागतात, पाणी शोषलेल्याला ती मर्यादा १५५ पर्यंत खाली येते, आणि करूळ घाट उतरताना सारखा पाय ब्रेकवर असेल तर तिथपर्यंत जायला वेळ लागत नाही, मग पेडल सरळ खाली जातं. दर दोन वर्षांनी फ्लुइड बदला, चांगल्या कंपनीचे पॅड टाका, उतारावर खालच्या गिअरमध्ये राहा. टायर कायद्यानं १.६ मिलिमीटरपर्यंत चालतो, पण गगनबावड्याच्या पावसात मी तीनच्या खाली गेलेला टायर ठेवत नाही. इंटरकूलरचं नंतर बघू, आधी घाट चढतानाचा तापमानाचा लॉग पाठवा. पावसाळ्याच्या आधी काढलेला असेल तर उत्तम.