कस्टम्समधील करिअर : द्राक्षाच्या कंटेनरपासून विमानतळाच्या लाल मार्गापर्यंत

स. न.

निफाड तालुक्यातून आपण पाठवलेले पत्र मिळाले. आपली कन्या बी. कॉम.च्या शेवटच्या वर्षाला आहे, तिला कस्टम्समध्ये म्हणजे सीमाशुल्क विभागात जायचे आहे आणि आपल्या मनात दोन शंका आहेत : विमानतळावर सोने पकडण्यापलीकडे या खात्यात काम तरी काय असते, आणि तिथे सरळ माणसाचा निभाव लागतो का? आपण स्वतः निर्यातीची द्राक्षे पिकवता, तेव्हा पहिल्या शंकेचे उत्तर आपल्या बागेपासूनच सुरू करतो.

आपला माल पॅकहाउसमध्ये थंड होऊन रीफर म्हणजे थंड ठेवणाऱ्या कंटेनरमध्ये भरला जातो, दाराला इलेक्ट्रॉनिक सील लागते आणि कंटेनर न्हावाशेव्याच्या बंदराकडे निघतो. हे सील निर्यातदाराने स्वतः लावण्याची पद्धत २०१७ पासून आहे. बंदरावर सीलचा क्रमांक शिपिंग बिलाशी, म्हणजे निर्यातदाराने कस्टम्सला दिलेल्या मालाच्या कागदाशी जुळला, सील शाबूत असले आणि संगणकाच्या जोखीम-प्रणालीने तो कंटेनर तपासणीसाठी वेगळा काढला नसेल, तर सहसा दार न उघडताच तो पुढे जातो. दार उघडले की आतला गारवा मोडतो आणि देठ सुकायला लागतो, हे बागायतदाराला मी सांगायला नको. शंभरांतला नेमका कोणता कंटेनर उघडायचा, हे ओळखून बाकीचे वेळेत जहाजावर चढू देणे हे या खात्याचे मोठे काम आहे, आणि ते वर्तमानपत्रात कधी छापून येत नाही.

दुसरे काम वर्गीकरणाचे. ताजी द्राक्षे शुल्कपत्रकाच्या, म्हणजे मालागणिक शुल्काचे दर देणाऱ्या यादीच्या ०८०६ १० या शीर्षकात येतात, त्यांचाच बेदाणा झाला की तो ०८०६ २० मध्ये जातो, रस काढला तर २००९ आणि वाइन केली तर २२०४. फळ एकच, पण शीर्षक बदलले की आयातशुल्काचा दरही बदलू शकतो. हे पहिले सहा अंक जगातल्या बहुतेक देशांत सारखेच आहेत. ब्रुसेल्सची जागतिक सीमाशुल्क संघटना ते ठरवते. कागदावर लिहिलेला माल आणि पेटीतला माल एकच आहे का, त्याची किंमत मुद्दाम कमी दाखवली आहे का, हे पाहणारा अधिकारी म्हणजे एक्झामिनर. हिशेबाची आणि बारकाव्याची आवड असलेल्या वाणिज्य शाखेच्या मुलीला हे काम मनापासून आवडेल, असे मला वाटते.

तिसरे काम प्रवाशांचे, ते विमानतळावर आणि क्रूझच्या धक्क्यावर चालते. तिथे तस्करी रोखणारा प्रिव्हेंटिव्ह ऑफिसर असतो. जाहीर करण्याजोगे काही नसलेला प्रवासी हिरव्या मार्गाने निघून जातो, ज्याच्याकडे आहे त्याने लाल मार्गाने जाऊन ते सांगायचे असते. परदेशी निघालेल्या आजीने अंगावरच्या दागिन्यांचे निर्यात प्रमाणपत्र जाण्यापूर्वीच करून घेतले, तर परतताना त्याच पाटल्यांबद्दल प्रश्न निघत नाही. हे तिला आधी कोणी तरी नीट सांगावे लागते, आणि देशात पाऊल ठेवणाऱ्या पाहुण्याशी सौजन्याने बोलणारा अधिकारीही त्याच काउंटरवर हवा असतो.

आता वाट. एक्झामिनर आणि प्रिव्हेंटिव्ह ऑफिसर ही दोन्ही पदे कर्मचारी निवड आयोगाच्या पदवीधर परीक्षेतून, म्हणजे एसएससी सीजीएलमधून भरली जातात. ही परीक्षा इंग्रजी आणि हिंदीत असते, म्हणून मराठी माध्यमातून शिकलेल्या मुलीने इंग्रजीची तयारी आजपासूनच करावी. शारीरिक निकषही असतात : मुलींसाठी १५२ सेंटिमीटर उंची, एक किलोमीटर चालणे वीस मिनिटांत, तीन किलोमीटर सायकल पंचवीस मिनिटांत. अर्ज भरताना त्या वर्षीची अधिसूचना मात्र स्वतः वाचावी. खात्यात थेट वरच्या पदावर जायचे, तर भारतीय महसूल सेवेची वाट यूपीएससीतून जाते. तिथे मुख्य परीक्षा मराठीतून लिहिता येते.

सरकारी नोकरीखेरीज तिसरी वाट आहे, आणि पालक तिच्याकडे उगाच दुर्लक्ष करतात. आयातदार-निर्यातदारांच्या वतीने कस्टम्सचे कागद करणारे परवानाधारक कस्टम्स ब्रोकर असतात. बंदरावर त्यांना अजूनही सीएचए (कस्टम हाउस एजंट) या जुन्या नावाने ओळखतात. अशा कार्यालयात दोन वर्षे काम केले, तर शुल्कपत्रक तोंडपाठ होते. पुढे विभागाची परीक्षा देऊन स्वतःचा परवानाही मिळवता येतो.

आपल्या दुसऱ्या शंकेवर खोटा दिलासा देणार नाही. माल विनाकारण अडवल्याच्या तक्रारी मीही ऐकल्या आहेत, आणि नाशवंत मालाच्या मालकाला तो एक दिवस किती महाग पडतो याची मला जाणीव आहे. पण २०२० पासून आयातीच्या कागदांचे मूल्यांकन चेहराविरहित झाले आहे. न्हावाशेव्याला उतरलेल्या मालाची बिल ऑफ एंट्री, म्हणजे आयातीचा मुख्य कागद, दुसऱ्याच शहरातला अधिकारी तपासू शकतो, आयातदार त्याच्यासमोर येत नाही. प्रत्यक्ष तपासणी आणि विमानतळ इथे मात्र माणसासमोर माणूस असतोच, आणि तिथे आपल्या मुलीसारखी शेतकऱ्याच्या घरातली, उशिराची किंमत ओळखणारी माणसे हवीत, असे मी मनापासून म्हणतो.

पदवी परीक्षा संपली की आपल्या निर्यातदाराकडून एखाद्या शिपिंग बिलाची प्रत मागून घ्या आणि ती मुलीला रकाना-रकाना वाचू द्या. वाचताना तिला जे प्रश्न पडतील, ते तिनेच मला लिहून पाठवावेत.