लातूरच्या भावाला उत्तर: गाडी हलकीच घ्या, पण कागद आधी आपल्या राज्याचे बघा

भाऊ, तुमचा प्रश्न दोनदा वाचला. डोक्यात मजदाची एमएक्स-5 आणि लोटसची एलिस या परदेशी हलक्या स्पोर्ट्स कार, खिशात बारा लाख, वर्षातून दोनतीनदा चेन्नई नाहीतर कोइमतूरच्या ट्रॅकवर जायचं, बाकी दिवस तीच गाडी लातूर-संभाजीनगर रस्त्यावर वापरायची. आणि शेवटी तुम्ही जे सहज लिहून टाकलंय ना, "शेजारच्या राज्यात एक बलेनो आरएस मिळायलीय, एजंट म्हणतोय एनओसी पंधरा दिवसात हातात" (एनओसी म्हणजे गाडी दुसऱ्या राज्यात न्यायला तिथल्या आरटीओचा ना हरकत दाखला), त्यासाठीच हे सगळं लिहायला बसलो. याच गाडीपायी, याच वाक्यापायी माझं लई नुकसान झालंय. आधी गाड्यांचं बोलतो, मग त्याच्यावर येतो.

एमएक्स-5 आणि एलिसचं स्वप्न चुकीचं नाही. पहिली एलिस 1996 ला आली तेव्हा जेमतेम सव्वासातशे किलोची होती, ॲल्युमिनियमचे भाग गोंदाने चिकटवून केलेली चेसिस, इंजिन 1.8 लिटर, पॉवर 120 च्या आतबाहेर. म्हणजे पॉवर आपल्या आजच्या टर्बो हॅचबॅकएवढीच, पण ओढायचं वजन तीनचारशे किलो कमी. आत्ताची एमएक्स-5 सुद्धा एक टनाच्या आसपास राहते, मागच्या चाकांना ताकद. पण मजदा आपल्याकडे गाड्या विकतच नाही आणि एलिसचं उत्पादन 2021 ला बंद झालं. बाहेरून आणायची म्हणलं तर नवीनवर ड्युटी आणि कर मिळून शंभर टक्क्याच्या पुढे, जुनी आणायची तर तीन वर्षांपेक्षा जास्त जुनी चालत नाही आणि उजव्या हाताचं स्टिअरिंगच लागतं, वरून महाराष्ट्रात इंपोर्टेड गाडीला वीस टक्के रोड टॅक्स. बारा लाखात हे बसत नाही, चाळीसात पण बसवायला अवघड. टोयोटाची जीआर86, अल्पाइन ए110 या तसल्याच हलक्या गाड्यांची पण तीच गत. तो विषय इथंच सोडा.

आणि समजा फुकट मिळाली तरी चालवणार कुठं? आपल्याकडं काळी माती. पावसाळ्यात फुगते, उन्हाळ्यात आकसते, वरचा डांबरी रस्ता दोन वर्षात लाटा मारतो. गावोगावी कमिटीने स्वतःच टाकलेले स्पीड ब्रेकर, त्यांना ना पट्टा ना माप. ऊसाच्या हंगामात रात्री बीड-धाराशिव पट्ट्यात मागे एक दिवा नसलेल्या दोनदोन ट्रॉल्या. जमिनीला टेकून चालणाऱ्या गाडीत बसून त्यांच्या मागं जाणं मला तरी पटत नाही. स्विफ्टचा ग्राउंड क्लिअरन्स 163 मिलिमीटर आहे, तीसुद्धा चार माणसं बसली की काही ब्रेकरला घासते.

म्हणून जे मिळतं त्यातच वजनाने निवडा असं मी म्हणतो. पॉवरने निवडू नका. हे माझं मत, पटणार नाही त्यांनी सोडून द्या. कारण साधं आहे, वेग दुप्पट झाला की थांबवायची ऊर्जा चौपट होते आणि त्याला गुणायचं असतं वजनाने, ती सगळी उष्णता डिस्कने, पॅडने आणि ब्रेक ऑइलने गिळायची. जड गाडी सरळ रस्त्यावर मागं पडत नाही, ती ट्रॅकवर चौथ्या-पाचव्या लॅपला ब्रेक पेडल मऊ पडून मागं पडते.

2018 नंतरची स्विफ्ट पेट्रोल, साडेआठशे ते नऊशे किलोच्या घरात. पॉवर ऐंशी-नव्वदच्या घरात, मागे ड्रम ब्रेक, तरी शिकायला याच्याएवढी चांगली आणि स्वस्त गाडी आज नाही. पार्ट अहमदपूरला पण मिळतो. 1.4 टर्बोची खरी स्विफ्ट स्पोर्ट सुझुकीने आपल्याकडं आणलीच नाही, ते दुःख वेगळं.

बलेनो आरएस 2017 ची, 950 किलो, एक लिटरचं बूस्टरजेट म्हणजे टर्बो इंजिन, पॉवर 102 पीएस (हॉर्सपॉवरच समजा), चारही चाकांना डिस्क. तुम्ही तिच्यावर मन बसवलंय ते बरोबरच आहे, रस्ता आणि ट्रॅक दोन्हीचा मेळ तिच्यात बसतो. 2020 ला बंद झाली, त्यामुळे चांगला पीस शोधावा लागतो.

अबार्थ पुंटो 2015 ची, 1.4 टी-जेट, 145 ची पॉवर. चालवायला भन्नाट, स्टिअरिंग तर आजच्या गाड्यांत नाही असलं. पण पुढचा भाग जड, आणि फियाट ब्रँडच इथून गेल्यावर तिचे खास पार्ट शोधत फिरावं लागतं. पोलो जीटीआय, 2016 ची तीन दारांची, 1.8 लिटर 192 पीएस, ती मोजकीच आली आणि अख्खी बाहेरून आली, एक बंपर फुटला तर महिनोन् महिने थांबा. संग्रहाला छान, वर्षभर वापरायला मी नाही घेणार.

फोक्सवॅगनची साधी पोलो 1.0 टीएसआय, 110 पीएस, मॅन्युअल गिअरबॉक्सची, हिचा विचार मात्र जरूर करा. थोडी जड आहे पण आपल्या शेंद्र्याला 2001 पासून स्कोडाचा प्लांट आहे, स्कोडा-फोक्सवॅगन एकाच ग्रुपच्या, त्या ग्रुपच्या गाड्यांवर हात बसलेले मेकॅनिक संभाजीनगरात गल्लीत सापडतात, ही सोय पुण्या-मुंबईबाहेर फार ठिकाणी नाही. जुन्या पोलोतला सात गिअरचा ड्राय क्लच डीएसजी ऑटोमॅटिक मात्र ट्रॅकवर नको, त्याच्या मेकाट्रॉनिक युनिटचा (गिअर बदलणाऱ्या कंट्रोल भागाचा) खर्च ऐकून झोप उडते. आय20 एन लाइन घ्यायची तर 2023 नंतरची सहा गिअरची मॅन्युअल बघा, आधीची आयएमटी क्लच पेडल नसलेली आहे, ट्रॅकवर त्यात मन रमत नाही.

आता मूळ मुद्दा.

मी पण बलेनो आरएसच घेतली होती, शेजारच्या राज्यातली. राज्याचं आणि ऑफिसचं नाव घेत नाही. गाडी एकच नंबर, मालक सज्जन माणूस, सर्व्हिस रेकॉर्ड पूर्ण, एनओसी पण वेळेत आली. आपल्या आरटीओत पासिंगला गाडी नेली. इन्स्पेक्टर साहेबांनी इंजिन नंबरवरची धूळ फडक्याने पुसली, नंबरवर पारदर्शक टेप दाबून पेन्सिलीचा छाप घेतला, तो एनओसीच्या कागदाशेजारी धरला आणि एकेका अक्षरावर बोट ठेवत गेले. एका ठिकाणी बोट थांबलं. गाडीवर एन, कागदावर एम. त्या ऑफिसात कधीतरी जुना डेटा कॉम्प्युटरवर चढवताना कुणीतरी एक अक्षर चुकीचं मारलेलं, आरसी बुकावर बरोबर, सिस्टिममध्ये चूक, आणि एनओसी निघते सिस्टिममधून. आपल्या साहेबांनी नीट समजावून सांगितलं की ज्यांनी दिली त्यांनीच दुरुस्त करायची, आमच्या हातात काही नाही. त्यांचं बरोबरच होतं.

तिथून जे सुरू झालं ते आजही आठवलं की रक्त उसळतं. त्या ऑफिसात पहिल्यांदा म्हणले मूळ मालक स्वतः आणा. मालक बिचारा कामधंदा सोडून आला तर टेबलवरचा माणूस रजेवर. परत गेलो तर म्हणले गाडी घेऊन या, आम्ही नंबर बघणार. अहो, एनओसी निघालेली गाडी, तीनशे-साडेतीनशे किलोमीटर कशी आणू, रस्त्यात पकडली तर काय दाखवू? मग म्हणले कंपनीचं पत्र आणा. कंपनीच्या डीलरकडून नंबरचं पत्र आणलं तर म्हणले याच्यावर तारीख जुनी झाली. जुनी कुणामुळं झाली? पावसाळा गेला, दिवाळी गेली, साखर कारखान्याचा हंगाम संपून पट्टा पडला, गाडी शेडमध्ये ताडपत्रीखाली. डिस्कवर गंज चढला, बॅटरी बसली, टायर एकाच जागी उभे राहून चपटे झाले, इन्शुरन्सचा हप्ता चालूच. आणि दुसऱ्या राज्यातली गाडी इथं बारा महिन्याच्या वर ठेवली तर नवीन नंबर घ्यावाच लागतो, तो मोटार वाहन कायद्याच्या कलम 47 चा काटा पण फिरायलाच. एका अक्षरासाठी. चूक त्यांची, टायपिंग त्यांचं, आणि दंडाची भीती मला. मला याचा राग पैशापेक्षा जास्त त्या "उद्या या" चा आहे. समोरच्या माणसाचा दिवस फुकट गेला याचं कुणाला काहीच वाटत नाही.

काम कशाने झालं तर शेवटी तोंडी बोलणं बंद केलं. लेखी अर्ज, सोबत आरसी, छापाचा फोटो, डीलरचं पत्र, आणि पोच म्हणून शिक्का-तारीख-आवक नंबर. मग माहितीच्या अधिकारात एकच प्रश्न, या आवक नंबरच्या अर्जावर कुठल्या तारखेला कुणी काय केलं. आठवड्याभरात दुरुस्ती झाली. जे इतके दिवस होत नव्हतं ते आठवड्यात झालं, यावरून काय समजायचं ते समजा.

तर एजंट काहीही म्हणो, टोकन द्यायच्या आधी स्वतः जाऊन इंजिन नंबर आणि चेसिस नंबरचा फोटो काढा आणि आरसीशीच नाही तर ऑनलाइन वाहन पोर्टलवर जे दिसतं त्याच्याशी अक्षर न् अक्षर जुळवा. एन-एम, शून्य आणि ओ, आठ आणि बी, इथंच घोळ होतात. कर्जाचा बोजा पोर्टलवरून उतरलाय का बघा, बँकेचं नुसतं पत्र पुरत नाही. पेंडिंग चलन भरून घ्या, नाहीतर एनओसी अडकते. कायद्यात कलम 48 ला असं आहे की एनओसीच्या अर्जावर तीस दिवसात उत्तर नाही आलं तर दिली असं समजायचं, पण मी वकील नाही आणि माझा अनुभव असा की काउंटरवर कागदच मागतात, "दिली असं समजा" म्हणून कुणी पासिंग करून देत नाही. पूर्ण पैसे कधी? नुसती एनओसी हातात पडल्यावर नाही, तिच्यावरचे नंबर जुळल्यावर. आणि खरं सांगू का, एमएच-20, एमएच-24 ची नाहीतर पुण्याची गाडी पन्नास-साठ हजाराने महाग मिळाली तरी तीच घ्या.

ट्रॅकचं थोडं. लातूरहून चेन्नई साधारण नऊशे किलोमीटर, जाताना गाडी नवी वाटते, येताना ब्रेक संपलेले असतात, त्यामुळे पुढच्या पॅडचा जुना सेट डिकीत ठेवा. ब्रेक ऑइल ताजं डॉट 4 घाला, नव्याचा उत्कलनांक किमान 230 अंश असतो, पाणी धरलेल्याचा 155 पर्यंत खाली येतो, आणि आपल्याकडच्या मे महिन्यात तर हवाच बेचाळीसच्या वर. डिसेंबर-जानेवारीतच जा. शेवटचा लॅप सावकाश मारा आणि पार्क करताना हँडब्रेक ओढू नका, गिअरमध्ये ठेवा. टायरची हवा थंड असताना थोडी कमी ठेवून गरम झाल्यावर परत मोजायची. इंदूरजवळच्या पिथमपूरचा नेट्रॅक्स ट्रॅक जवळ पडतो म्हणून काहीजण सुचवतील, पण तो टेस्टिंगचा आहे आणि त्याचा 11.3 किलोमीटरचा ओव्हल वळणं शिकायला कामाचा नाही.

इन्शुरन्सबद्दल कुणी बोलत नाही म्हणून सांगतो, साध्या पॉलिसीत रेसिंग आणि स्पीड टेस्टिंग स्पष्ट वगळलेलं असतं. ट्रॅकवर भिंतीला लागली तर खर्च आपला. हे गृहीत धरूनच गाडीची किंमत ठरवा, जी ठोकली तर घर हलणार नाही तीच ट्रॅकवर न्या. रोल केज (आत बसवायचा लोखंडी पिंजरा), सायलेन्सर कापणं, असलं रस्त्यावरच्या गाडीला करू नका, 2019 च्या जानेवारीत सुप्रीम कोर्टाने सांगितलंय की कंपनीच्या स्पेसिफिकेशनमध्ये असे बदल चालणार नाहीत. टायर आणि पॅड चांगले टाका, बास.

अजून एक, गाडी घ्यायच्या आधी चेन्नई किंवा कोइमतूरच्या एखाद्या रेसिंग स्कूलमध्ये बसून बघा. तिथल्या एलजीबी फॉर्म्युला गाड्यांना (एकाच सीटच्या रेसच्या गाड्या) स्विफ्टचंच 1.3 चं इंजिन असतं, पण हलकेपणा म्हणजे काय ते पाठीला कळतं. त्यानंतर तुमची यादी आपोआप बदलेल असं मला वाटतं.

त्या बलेनोचा आरसीचा आणि इंजिन नंबरच्या छापाचा फोटो मागवून घ्या, दोन्ही जुळतात का ते इथं सांगा (पूर्ण नंबर टाकू नका, नुसतं जुळलं-नाही जुळलं एवढंच लिहा). एजंट फोटो द्यायला टाळाटाळ करायला लागला तर टोकन देऊ नका. आणि पोलोवर मन आलं तर संभाजीनगरला या, गाडी लिफ्टवर चढवून खालून दाखवतो.